चवन्नीचं सिलिंडर, अठन्नीचं सिलिंडर

मागच्या ब्रेकचं जुनं सिलिंडर मी भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच नवं आणायला अमरावतीहून अकोल्याला गेलो.

अकोल्यात जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य ऐकवा. तो पुढचं काही विचारणार नाही, फक्त मान हलवेल. कारण जुन्या गाडीचा पार्ट मिळायचा तो चाचांकडे, आणि चाचांकडे जुना पार्ट हातात न घेता जाणं म्हणजे बैल घरी बांधून ठेवून ढोरांच्या दवाखान्यात जाण्यासारखं होतं. मी तर बैल विकूनच गेलो होतो.

सिलिंडर म्हणजे गॅसचं नव्हे. गाडीच्या चाकाच्या आत, ब्रेकसाठी, अंगठ्यापेक्षा जरा जाड असं एक लोखंडी नळकांडं असतं. पायाखालचं पॅडल दाबलं की त्यात तेल येतं, तेल दोन्ही बाजूंच्या गुल्ल्या, म्हणजे छोटे पिस्टन, बाहेर ढकलतं आणि चाक धरलं जातं. यामागचा पास्कलचा नियम मी अकरावीच्या मुलांना सव्वीस वर्षं शिकवला, आकृतीसकट. चाचांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मंग पोट्टे पास होतात?"

चाचांचं दुकान जुन्या मोटर स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. आठ फूट रुंद, आत मात्र अंधार संपेपर्यंत खोल. पाटी नव्हती. ते म्हणायचे, ज्याची गाडी खरंच बंद पडली तो विचारत विचारत येते. बसायला त्यांनी एका भंगारातल्या एसटीची कंडक्टरची सीट काढून आणली होती आणि बाराही महिने अंगात बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर असायचा. बाराही महिने म्हणजे मे महिन्यातसुद्धा. अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. एकदा न राहवून मी विचारलंच. म्हणाले, "इंजन थंडं झालं का सुरू व्हायले तरास देते."

या स्वेटरमुळे त्यांच्या हातात एक हत्यार आलं होतं. गिऱ्हाईक काही मूर्खासारखं बोललं की चाचा एक शब्द न बोलता हात मागे करून पंख्याचं बटण बंद करायचे. स्वतःला काही फरक पडत नसे. समोरचा घामानं निथळू लागे आणि दोन मिनिटांत आपण काय चुकीचं बोललो ते त्याला आपोआप आठवे. मी त्या दुकानात जितका घामेजलो तितका शेतात राबूनही घामेजलो नसतो.

नियम एकच. "नाव नोका सांगू, चीज दाखवा." कुणी येऊन म्हणालं, चाचा, क्लच प्लेट द्या, तर ते हलायचे नाहीत. जुनी प्लेट काउंटरवर आली की आधी फडक्यानं पुसायचे, मग वास घ्यायचे, मग डोळे मिटून अंगठा फिरवायचे. उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं होतं. बाबांनी एकदा आमच्या गाडीची प्लेट नेली तेव्हा वास घेऊन म्हणाले, "डॉक्टरसाब, तुमी गाडी उभी करून क्लच दाबून बसता. आन बाजूच्याशी बोलत राह्यता."

बाबा चाट पडले. ते सरकारी पशुवैद्यकीय डॉक्टर. त्यांची पहिली बदली झाली ती हिवरखेडला, आणि रस्त्यानं जो भेटेल त्याच्या बैलाची चौकशी ते गाडी बंद न करता, उतरून न पाहता, क्लचवर पाय ठेवूनच करत. प्लेटच्या वासावरून एखाद्याला बापाची सवय कळावी याचं मला लहानपणी फार भय वाटलं होतं. मी चाचांच्या समोर हात खिशात घालून उभा राहत असे.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती. चुकीचा पार्ट घेऊन गेलेला माणूस तो परत करायला आला की चाचा पार्ट घ्यायचे, पण पुन्हा विकायचे नाहीत. खिळ्याला टांगायचे आणि खाली चिठ्ठी. नाव नाही, फक्त गाव आणि धंदा. 'मूर्तिजापूर, वकील.' 'तेल्हारा, सराफ.' त्या रांगेत 'अमरावती, फिजिक्स' अशा तीन चिठ्ठ्या होत्या. आम्ही अमरावतीला राहायला गेलो तरी पार्टसाठी अकोलाच. बाबा म्हणायचे, डॉक्टर आणि पार्टवाला बदलू नये.

आता त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. मागच्या महिन्यात मी मुद्दाम आत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मॉडेल विचारलं, मी नाव सांगितलं, त्यांनी कव्हर काढून दिलं. बरोबर बसलं. पंखा चालूच होता. मला काही केल्या करमेना.

तर आमची गाडी.

ती स्टेशन वॅगन होती. आहे. म्हणजे पुढून साधी चार दारांची मोटार, पण डिक्कीच्या जागी छत तसंच मागे वाढवत नेलेलं आणि शेवटी वर उघडणारं काचेचं दार. बाबांनी ती एका रिटायर होणाऱ्या इंजिनिअरकडून घेतली, औषधांच्या पेट्या मावाव्या म्हणून. अमरावतीत लोक तिला मय्यतवाली गाडी म्हणत. एकदा सिग्नलवर एका गृहस्थांनी तिला हात जोडले. आत मी आणि बायको दिवाळीची खरेदी घेऊन बसलो होतो.

या गाडीबद्दल चाचांचं एक वाक्य होतं. "पुढून कार हाय, मागून कोनीच नाही." हे नीट समजायला मला बरीच वर्षं लागली. पुढच्या सीटपर्यंतचा प्रत्येक पार्ट साध्या मोटारीचाच, कुठेही मिळे. मागचं सगळं मात्र तिचं एकटीचं. मागे वजन भरायचं म्हणून स्प्रिंगच्या पाट्याला एक पट्टी जास्त, दाराचे बिजागर वेगळे, काच वेगळी, आणि ब्रेकचं सिलिंडर जाड. गंमत अशी की साध्या गाडीचं बारीक सिलिंडर तिला बसायचं. बोल्ट जुळायचे, नळी जुळायची. नुसतं बघून कुणाच्या बापाला कळलं नसतं.

चाचांना कळे, कारण त्यांच्याकडे तपकिरीच्या डबीत दोन नाणी होती. एक चवन्नी, एक अठन्नी. साध्या गाडीच्या सिलिंडरच्या भोकात चवन्नी टक्क बसायची, वॅगनच्या भोकात अठन्नी. मोजपट्टी त्यांनी कधी वापरली नाही. "पट्टीले डोळे लागतात मास्तर. चवन्नीले कान पुरतात." ते नाणं आत सोडून कानाशी हलवत. मी एकदा घरून व्हर्निअर कॅलिपर नेला आणि त्यांच्यासमोर मोजून दाखवलं. आकडा बरोबर आला, पण मी तो मोठ्यानं चुकीचा वाचला. पंखा बंद.

आरसी बुक दाखवलं तर ते त्यावर चहाचा ग्लास ठेवायचे. "हे पुस्तक गाडी कोनाची ते सांगते. गाडी काय हाय ते नाही सांगत." हेही खरंच होतं. आमची गाडी बनली एका वर्षी आणि पासिंग झाली दुसऱ्या वर्षी. पुस्तकातल्या वर्षावर विश्वास ठेवून मी जे वायपर आणले ते शेवटपर्यंत त्या खिळ्यावर होते.

चार वर्षांपूर्वी बाबा एक्क्याऐंशीचे झाले. त्याआधी बाथरूममध्ये पडून त्यांच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकला, आणि पाय गुडघ्यात वाकेना. वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चार पावलं, बाहेर जायचं तर पाय लांब ठेवता येईल अशी चाकांची खुर्ची. साध्या मोटारीत त्यांना बसताच येईना.

आमच्या घरी दसरा म्हणजे दीक्षाभूमी. छप्पन्न साली आजोबांनी तिथे दीक्षा घेतली तेव्हा बाबा त्यांच्या शेजारी उभे होते, आणि वॅगन आल्यापासून ती दसऱ्याला नागपूरला गेली नाही असं वर्ष नव्हतं. औषधाच्या पेट्या काढून मागे सतरंजी टाकायची आणि अर्धी वस्ती आत. अकरा माणसं मी स्वतः मोजली आहेत, मी अकरावा. बाबांचं पडणं आणि त्यानंतरचं दुखणं यात दोन दसरे बुडाले. त्या वर्षी दसऱ्याला दहा दिवस असताना ते म्हणाले, "यंदा जातो मी."

"अँब्युलन्स करू," मी म्हणालो.

"अँब्युलन्समधून जाऊ? तिथं लोकं मले उतरवतीन का सरळ दवाखान्यात नेतीन? आपली गाडी हाय ना. मांगं गादी टाक, पाय लांब करतो अन् जातो. पुढच्या साली मी असन का नसन."

शेवटचं वाक्य त्यांनी चहा ढवळत म्हटलं, हवापाणी सांगावं तसं. एक्क्याऐंशीव्या वर्षी असं वाक्य कुणी ढवळत म्हटलं की त्यावर वाद घालता येत नाही.

गाडी दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिन सुरू झालं. ब्रेकचं पॅडल मात्र थेट तळाला गेलं. आमच्या मेकॅनिकनं चाकं उघडून सांगितलं, मागचं उजवं सिलिंडर फुटलंय. वेळ कमी म्हणून मी फोनवरून मागवलं. गाडीचं नाव टाकलं, वर्ष टाकलं, फोटो पाहिला. तिसऱ्या दिवशी आलं आणि झकास बसलं. मी इतका खूश झालो की शेड आवरली आणि जुन्या लोखंडाचं बाचकं, त्यातल्या त्या फुटक्या सिलिंडरसकट, भंगारात दिलं. मग ट्रायल घेतली.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत रविवारी रस्ते मोकळे असतात. मागे सिमेंटच्या दोन गोण्या, बाजूला मेकॅनिक. मी वेग धरला आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली; पण थांबण्याआधी डावीकडे वळली, फूटपाथवर चढली आणि एका कापडाच्या कारखान्याच्या गेटला नाक लावून उभी राहिली. वॉचमन स्टुलावरून न उठता म्हणाला, "आज सुट्टी हाय साहेब."

डावं चाक जोरात धरत होतं, उजवं हलकं. डाव्यात मूळचं जाड सिलिंडर, उजव्यात मी मागवलेलं बारीक. दाब तोच, क्षेत्रफळ वेगळं, म्हणून बळ वेगळं. परीक्षेत मी हे गणित पाच मार्कांना घालायचो. बाबा मागे गादीवर आडवे असताना हायवेवर हे झालं असतं तर, हा विचार आला आणि माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

म्हणून अकोला.

"पुरानं कुठी हाय?" चाचांनी विचारलं.

"भंगारात दिलं."

पंखा बंद झाला. मी थांबलो. घाम कानामागून शर्टात उतरला. "चाचा, वॅगनचं तर अठन्नीचंच असते ना," मी धीर करून म्हणालो, "तुमीच सांगितलं होतं."

"कंपनीनं अठन्नीचं लावलं. मधात कोन्या मास्तरनं चवन्नीचं घातलं असन तर? जे लागेल होतं ते पाह्यल्याबिगर मी देत नाही. डावं अजून हाय ना गाडीत? ते काढून आना."

शंभर किलोमीटर जाणं, शंभर येणं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये मी बोनेटसमोर उभा राहिलो, गाडीकडे तोंड करून डावा हात लांब केला आणि मेकॅनिकला म्हणालो, "हे, या बाजूचं काढ." त्यानं काढलं. तेलानं माखलेलं, मी पेपरात गुंडाळलं आणि अकोल्याला नेलं.

चाचांनी ते पुसलं. अठन्नी लावली, ती गेलीच नाही. चवन्नी सोडली, टक्क. त्यांनी सिलिंडर उजेडात धरलं, मग मला.

"मास्तर, हे तर नवं हाय."

"नवं कसं? डाव्या बाजूचं आहे."

"तुमी उभे कुठी होते?"

मी सांगितलं. चाचांनी सिलिंडर काउंटरवर ठेवलं. मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाला सांगतात तसं म्हणाले, "गाडीत बसून जो डावा असते, तो गाडीचा डावा. समोरून आरती ओवाळत उभं राहाचं नाही." आणि मग, "इतकी घाई काहून करून राह्यले तुमी? दोन दिवस झाले, घोड्यावर बसून येता."

तेव्हा मी बाबांचं सांगितलं. पाय, गादी, दसरा, पुढच्या वर्षाचं ते वाक्य. मला वाटलं, चाचा दोन सहानुभूतीचे शब्द बोलतील. ते कपाळाला आठ्या घालून विचार करत होते.

"डॉक्टरसाब झोपून जातीन," ते म्हणाले. "म्हंजे पूरा लोड मांगच्या चाकावर." आणि त्यांनी हात मागे करून पंखा सुरू केला. गिऱ्हाईक समोर असताना एकदा बंद केलेला पंखा त्यांनी पुन्हा सुरू केलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यांनी माझाच फोन घेऊन मेकॅनिकला सांगितलं, खरं डावं उघड आणि अठन्नी टाकून पाहा. तिकडून मेकॅनिक ओरडत होता, "चाचा, अठन्नी आता कुठी भेटते?" दहा मिनिटांनी पानटपरीवाल्याच्या गल्ल्यात तळाशी एक सापडली. बसली. चाचांनी मान हलवली.

"अठन्नीचंच हाय. माह्याजवळ नाही. कोनाजवळच नाही, बनून नाही राह्यलं आता." मी स्टुलावर बसलो. चाचा डोळे मिटून बोटं मोजत होते. "वऱ्हाडात अशा लांब गाड्या सात होत्या. एक तुमची. दोन कापल्या गेल्या, मायासमोर. एक बँडवाल्यानं नेली, तिचं मांगचं चाकच ट्रॅक्टरचं हाय. एक जळली. एक..." बोट थांबलं. "हिवरखेड. चाला."

"आत्ता?"

"मंग काय दसऱ्याच्या मांगून?"

चाचांनी भर दुपारी शटर ओढलं. समोरचा टायरवाला धावत बाहेर आला. "चाचा, कोन गेलं?" त्यानं विचारलं. चाचा म्हणाले, "कोनी नाही. एक जात होता, त्याले थांबवून राह्यलो."

हिवरखेडच्या बाहेर एका खळ्यात कडुनिंबाखाली ती उभी होती. रंग ओळखू येत नव्हता, चाकांत गवत, आणि मागच्या लांब भागात कोंबड्या. दार उघडायला आलेली म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तू ढोरायच्या डॉक्टरचा पोरगा काय?" बाबांची तिथली नोकरी संपून चाळीस वर्षं झाली होती. चाचांनी काम सांगितलं. तिनं अट घातली की गाडी एका बाजूला कलंडली नाही पाहिजे, कोंबड्या अंडी देणं बंद करतात.

चाचा शहात्तर वर्षांचे, स्वेटरसकट कोंबड्यांच्या त्या सगळ्या घाणीत आडवे झाले आणि अर्धे गाडीखाली गेले. वरच्या बोल्टापर्यंत त्यांचा हात पुरेना म्हणून पाना माझ्याकडे आला. मी जीव खाऊन पिळला. हलेना. पुन्हा पिळला. खालून आवाज आला, "मास्तर, आवळून राह्यले तुमी."

म्हातारी पदर खोचून उभी होती. "तुया बापानं आमच्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं झालेलं पिल्लू काढलं होतं," ती म्हणाली. "अन् तुले एक नटबोल निंगत नाही?"

निघालं. दोन्ही बाजूंची काढली, कारण चाचांच्या मते ब्रेकची चीज जोडीनंच बदलायची; एक नवरी जुनी आणि एक नवरा नवा असं चालत नाही. गाडीखाली विटा रचल्या. अठन्नी टक्क बसली. आत गंज होता, पण वरवरचा. "घर याचं राहू द्या," चाचा म्हणाले, "आतल्या रबरा मी नव्या टाकतो." सिलिंडरची ती जोडी त्यांनी धुतलेल्या रुमालात बांधली आणि अकोल्यापर्यंत मांडीवर घेऊन बसले. अकोल्याहून केलेल्या भाड्याच्या गाडीत कोंबड्यांचा वास इतका होता की मी काच खाली केली. चाचांनी वर केली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते एसटीनं अमरावतीला आले. रुमालात जोडी, पिशवीत दुसरा स्वेटर. मेकॅनिकला बाजूला बसवून स्वतः फिटिंग केलं. मी मदतीला गेलो तेव्हा म्हणाले, "तुमी चहा आना." आणला तेव्हा म्हणाले, "आता कप घेऊन जा."

काम झाल्यावर ते बाबांकडे आले. बाबा दिवाणावर, उजवा पाय लांब. दोघं पंधरा वर्षांनी भेटत होते. चाचांनी नमस्कार-चमत्काराच्या आधी काळ्या नखाच्या अंगठ्यानं बाबांची मांडी दाबून पाहिली.

"आत काय टाकलं?"

"रॉड."

"ओरिजिनल हाय?"

"इम्पोर्टेड म्हने."

"मंग वाकून काहून नाही राह्यला?"

"फिटिंग," बाबा म्हणाले.

"डाव्याचा उजव्याले लावला असन. आधी मास्तरले दाखवला होता काय?"

बाबा हसले, मग दोघं हसले, मग बाबांना ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. पडल्यापासून ते असे हसले नव्हते. मी पाण्याचा ग्लास धरून उभा होतो आणि माझ्याच मूर्खपणावर चाललेलं ते हसणं संपू नये असं मला वाटत होतं.

रात्री चाचा आमच्याकडेच राहिले. सकाळी मागे गादी टाकली. बायकोनं तक्के लावले, बाबांना पांढरा सदरा घातला. चाचा पुढे माझ्या बाजूला बसले. "नांदगाव पेठपर्यंत येतो. लोडावर ब्रेक पाह्यतो, मंग उतरतो."

नांदगाव पेठ आलं. त्यांनी मला तीनदा ब्रेक लावायला सांगितला आणि तिन्ही वेळा मान खिडकीबाहेर काढून मागच्या चाकाचा आवाज ऐकला. गाडी दोरीत, अगदी सरळ थांबली. चाचा उतरले नाहीत. "पुढं चढ हाय, एकदा तिथं पाह्यतो." चढ झाला. मग उतार पाहायचा होता. मग पूल. बाबा मागे आडवे, काचेतून मागे पळणारा रस्ता पाहत, गावं उलट्या क्रमानं ओळखत होते. चाचा म्हणाले, आता अर्ध्यातून काय उतरू, आणि सीट जरा मागे घेतली.

नागपूरला गाड्या बऱ्याच अलीकडे अडवतात. जथ्थेच्या जथ्थे पायी चाललेले, निळे झेंडे, पाण्याचे आणि खिचडीचे स्टॉल. मी गाडी बाजूला लावली, रुबाबात मागचं दार वर उचललं, आणि बाबांना उतरवायला खुर्ची घ्यायला हात घातला.

खुर्ची नव्हती. ती अमरावतीला आमच्या व्हरांड्यात होती. तिच्या जागी मी, वाटेत काही झालं तर असावं म्हणून, एक खोकं ठेवलं होतं. त्यात बारीक सिलिंडर, जुने बेल्ट, कुठल्याशा गाडीचा पंप आणि माझा व्हर्निअर कॅलिपर होता.

चाचांनी खोक्यात पाहिलं. बाबांनी खोक्यात पाहिलं. समोर अर्ध्या किलोमीटरवर झाडांच्या वर स्तूपाचा घुमट दिसत होता, आणि इथवर येऊन बाबा गादीवर पाय लांब करून बसलेले. मला रडू आलं, हे मी कबूल करतो.

चाचा सरळ खिचडीच्या स्टॉलवर गेले. काय सांगितलं कुणास ठाऊक, पण येताना त्यांच्यासोबत हातवाली एक प्लास्टिकची खुर्ची, एक फळी आणि निळ्या टोप्या घातलेले चार स्वयंसेवक होते. फळी बाबांच्या पायाखाली कशी यावी ते चाचांनी त्यांना दाखवलं, दोनदा डावीकडून उजवीकडे सरकवून घेतली आणि हलवून पाहिली. मग त्यांनी बाबांना खुर्चीवर घेतलं. बाबांचे हात जोडलेले होते, डोळे घुमटाकडे.

त्यातल्या एकानं उचलायच्या आधी वाकून विचारलं, "आजोबा, तुमच्यासंगं घरचं कोन हाय?"

बाबांनी चाचांकडे बोट केलं. "हे हायत."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे पुसून, खोकं काखेत धरून, शक्य तितका जबाबदार दिसत उभा होतो. "आन हे?"

"हा पोरगा हाय माया," बाबा म्हणाले. "खुर्ची घरी ठेवून भंगार घेऊन आला. याच्या भरोशावर राहू नोका बाप्पा, तुमीच उचला."